बंद केलेली हवा

यास्रिलला त्या सकाळी एका जागी उभं राहवत नव्हतं. छतावर गेला की वाटे, खाली काय चाललंय. खाली आला की वाटे, वर कुणी काही हलवलं तर नाही ना. पेकानबारूवर आठवडाभर धूर बसला होता. शहराबाहेरची वाळलेली दलदलीची जमीन आतून धुमसत होती, शाळा बंद होत्या आणि भर दिवसा गाड्यांना दिवे लावावे लागत होते. घरात गुदमरलेली बायकापोरं उठून मॉलमध्ये येऊन बसली होती, आणि त्या मॉलची हवा, म्हणजे वातानुकूलनाची यंत्रं, यास्रिलच्या हातात होती.

त्यात त्याची स्वतःचीही दोघं होती, बायको देस्मी आणि सहा वर्षांची सल्वा. सल्वाला दमा. देस्मीचा मावसभाऊ त्याच दिवशी गाडी घेऊन पायाकुंबूला, तिच्या माहेरी, निघाला होता आणि गाडीत दोघींपुरती जागा होती; देस्मी जाऊ म्हणत होती. यास्रिलला ते लागलं. अख्खा मॉल ज्याच्या जिवावर श्वास घेतो त्याची पोरगी श्वासासाठी आजोळी पळणार? "आणि वाटेचं काय? तो रस्ता जळत्या जमिनीतूनच जातो," तो म्हणाला. "माझ्या इमारतीत येऊन बस. धुराचा कण आत येणार नाही." मुद्दा खरा होता, पण त्यात फुशारकी बरीच होती आणि देस्मीला ती चांगली ओळखता येई. तरीही ती आली.

मॉल उघडण्याआधीच त्याने छतावर जाऊन बाहेरच्या हवेची झडप मिटून टाकली होती. वरचं युनिट म्हणजे खोलीएवढा पत्र्याचा पेटारा. त्याच्या एका तोंडाने बाहेरची ताजी हवा येते, दुसऱ्याने मॉलमधलीच वापरलेली परत येते. दोन्हींवर पत्र्याच्या पट्ट्यांच्या झडपा, आणि त्या अशा जोडलेल्या की एक मिटली की दुसरी उघडते. पुढे गाळण्या, गार पाण्याच्या नळ्या, आणि शेवटी सगळी हवा खाली ढकलणारा पंखा. यास्रिलने बाहेरचं तोंड पार मिटवलं, पंखा मंद केला आणि बायकोला फोन लावला. "बंद केलंय. निर्धास्त बस."

जेवणाची वेळ जवळ आली तसा वॉकीटॉकीवर बिन्सारचा आवाज आला. बिन्सार त्याच्या हाताखालचा वायरमन, वयाने त्याच्याएवढाच, बाताक जमातीचा, तोंडाने फटकळ, तरी यास्रिलला बांग, म्हणजे दादा, म्हणणारा. "बांग, खाली धुराचा वास मारतोय."

"तुझ्या शर्टाचा असेल."

"माझा शर्ट घामाने मारतो. या, स्वतः हुंगून बघा."

यास्रिल खाली गेला. खाण्याच्या दुकानांपुढच्या दिव्यांभोवती पिवळट धुकं दिसत होतं. सल्वा आईच्या मांडीवर वाकून खोकत होती.

"उदा, घरी होतं त्याच्यापेक्षा इथे जास्त आहे हो," देस्मी म्हणाली. नवऱ्याला ती उदाच म्हणे.

"लोक दारं उघडी टाकतात. त्याने येतोय थोडा."

"मग लोकांनी काय भिंतीतून यायचं? दादाची गाडी अजून निघाली नाहीये. विचारू त्याला?"

"जरा दम धर ना, देस!"

तो तरातरा मोठ्या दाराशी गेला, रखवालदाराला झापायला. तुगिमान म्हातारा उलट त्याच्यावरच उखडला. "उघडं टाकायला ते उघडायला तर पाहिजे! सकाळपासून ढकलून ढकलून खांदे गेले माझे. आणि उघडलं की असा झोत आत घुसतो, माझी टोपी पार सरकत्या जिन्यापर्यंत गेली."

यास्रिलला एका झटक्यात सगळं कळलं. खालच्या स्वयंपाकघरांचे आणि संडासांचे एक्झॉस्ट पंखे दिवसभर हवा बाहेर फेकत होते. जेवढी बाहेर जाणार तेवढी कुठून तरी आत येणारच. त्याने गाळणीतून येणारी एकच वाट मिटवली होती, म्हणून आता इमारत प्रत्येक दारातून, प्रत्येक फटीतून धूर ओढत होती. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं त्याला वाटलं. एवढी वर्षं ही यंत्रं हाताळली आणि बापाच्या काळजीपोटी नवशिक्यासारखा वागला.

व्यवस्थापक मेलियानाबाईंना त्याने चूक आडपडदा न ठेवता सांगितली आणि स्वयंपाकघरांचे पंखे थांबवता येतील का, ते विचारलं. "चुली सगळ्या बंद करायला लावल्या तर हे खाण्याचे दुकानवाले मलाच शिजवून खातील," त्या म्हणाल्या. "निम्म्या बंद करते. पण तुम्ही झडप उघडणार? अशा धुरात?"

"दुहेरी गाळण्या लावून, बाई. पंखा जोरात ठेवायचा. आतून बाहेर दाब राहिला की दारांतून काही येणार नाही."

"या वेळी तरी नक्की ना?"

"नक्की."

धुरापायी सिनेमागृह बंद होतं. तिथल्या युनिटमधल्या कोऱ्या गाळण्या बिन्सारने उचकटून आणल्या आणि दोघांनी त्या जुन्यांच्या पुढे ठोकून बसवल्या. जाड थरातून हवा खेचायची म्हणून यास्रिलने पंख्याचा वेग वाढवला आणि बाहेरची झडप हळूहळू अर्ध्यावर आणली. पत्र्याच्या पट्ट्या कुरकुरत फिरल्या. बाहेरच्या तोंडाशी सकाळपासून साठलेला धूर आधी खाली जाणार, गाळण्या राख अडवतील पण वास तितका अडवणार नाहीत, हे त्याला माहीत होतं. देस्मीला ते आधी सांगायला मात्र तो विसरला.

फोन वाजलाच. "उदा, आता वरून येतोय! आमच्याच डोक्यावरच्या जाळीतून!"

"मीच झडप उघडलीये."

पलीकडे मागे सल्वाचा खोकला. "सकाळी बंद केली म्हणून निर्धास्त बस म्हणालात. आता उघडली म्हणून निर्धास्त बसू?"

"थोडा वेळ थांब, अगं, दारांमुळे उलट..."

फोन बंद झाला होता.

त्याचा हात झडपेच्या मुठीवर गेला. मिटवली तर जाळीतला वास थांबेल, देस्मी थांबेल. पण मग दारांतून पुन्हा लोंढा येईल, सल्वाच्याच छातीत जाईल. पाय जिन्याकडे ओढत होते, हात मुठीवरून निघत नव्हता. "बांग, आत्ता हलवाल तर सगळं वाया," बिन्सार म्हणाला, आणि एकदाच त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. यास्रिलने हात खिशात कोंबला आणि तिथल्या तिथे येरझाऱ्या घालत राहिला.

शेवटी वॉकीटॉकीवर तुगिमानचा आवाज आला, "दार हलकं झालं हो! वारा बाहेर जातोय."

यास्रिल जिने उतरत नव्हता, कोसळत होता. खाली दिवे स्वच्छ दिसत होते. वास विरला होता. देस्मीच्या खुर्चीवर दुसरीच कोणी बाई बसली होती, तिच्या मांडीवर पोर झोपलेलं.

"इथे बसलेल्या?"

"त्या होय? मघाशीच गेल्या, कुणीतरी न्यायला आलं होतं. थांबायला हवं होतं हो त्यांनी. आत्ता कुठे हवा बरी झालीये."

त्याने फोन लावला. गाडीचा आवाज, मुखपट्टीआडून देस्मी.

"देस, साफ झालं सगळं. माघारी फिर. रस्त्यात याहून वाईट आहे."

"असेल, उदा. खरंच असेल." ती चिडली असती तर बरं झालं असतं. "पण आता तुमच्या शब्दावर तिचा श्वास सोपवायला मन धजत नाही. बाहेर काहीच दिसत नाहीये. ठेवते, तिला पंप द्यायचाय."

यास्रिल तिथेच शेजारच्या खुर्चीत बसला. बाईच्या मांडीवरचं पोर तोंड उघडं टाकून गाढ झोपलं होतं, छाती संथ वरखाली होत होती. त्या पोराचा त्याला राग आला, आणि रागाची लाज वाटली, तरी नजर काही हलेना.

वॉकीटॉकी खरखरला. "बांग, लोक म्हणतायत, या बाहेरच्या हवेने उकडतंय. झडप थोडी मिटू का?"

"नको," यास्रिल म्हणाला. "आहे तशीच राहू दे."