विमलमावशींचा भिंतीवरचा फोटो

दाराची कडी वाजली. वीज गेलेली, पंखा बंद, माझा लहानगा सुमेध नुकताच डोळा लागून पडलेला. तो उठू नये म्हणून मी पळतच गेले.

दारात राजपालअण्णा उभे होते, शेजारच्या विमलमावशींचे थोरले. परवाच मावशींची माती झाली होती.

"वैनी, आईचा फोटू न्यायला आलोय. पुण्यानुमोदनाला ठिवायचाय, मोठा करून द्या," ते म्हणाले.

मी त्यांना बसा म्हणाले आणि पाणी आणायला आत गेले. माठापाशी नुसतीच उभी राहिले, कारण फोटो नव्हताच.

आळंदला आमच्या घराची पुढची खोली म्हणजेच स्टुडिओ. माझा नवरा नागेश लग्नांच्या ऑर्डरी करतो, पासपोर्ट फोटो मी काढते. कॅमेऱ्याची बॅटरी जुनी झालेली, पाचपंचवीस फोटोंत मान टाकायची. कंपनीचा अ‍ॅडाप्टर मागवलाय, तो येईस्तोवर दुसरं कायबी लावू नको, असं नागेश दोनदा बजावून गेला होता. पण शाळाप्रवेशाचे दिवस, दारात पोरं आणि त्यांच्या आया खोळंबलेल्या. मी बाजारातून एक साधा अ‍ॅडाप्टर आणला. बॅटरीच्या जागी कॅमेऱ्यात बसवायचा ठोकळा, आणि त्याच्या वायरीवरची डबी भिंतीतल्या प्लगाला. ठोकळा खटकन बसला, कॅमेरा सुरू झाला. मला तेवढंच पुरलं. डबी तापायची, तर मी ती गार फरशीवर ठेवायचे.

तशात मावशी आल्या, विहारात नेसायची पांढरी साडी नेसून. रोज दुपारी सुमेधला मांडीवर घेऊन बसायच्या, म्हणून तर माझे हात मोकळे राहायचे. कधी काही मागितलं नाही. त्या दिवशी फोटो मागितला.

"आधारकार्डावर डोळे मिटल्यात माजे," स्टुलावर बसत म्हणाल्या. "चोरी करताना धरल्यावानी दिसायलोय. मी गेल्यावर पोरं तसलाच फोटू टांगतील की भिंतीवर."

स्वतःच्याच बोलण्यावर त्या हसल्या, आणि नेमकं तेव्हाच मी बटण दाबलं. कॅमेरा काळा पडला. फरशीवरून जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. बॅटरी घालून पाहिलं तर कॅमेरा म्हणाला, मेमरी कार्ड वाचता येत नाही, पुसून नव्याने सुरू करू? नागेश असता तर त्यानं कार्ड बाजूला काढून ठेवलं असतं, अशा कार्डातले फोटो मागाहून काढता येतात. बाहेर रांग होती. मी 'हो' दाबलं.

"आला का गं चांगला?" मावशींनी विचारलं.

"लई छान आलाय," मी म्हणाले. पुन्हा काढू कधीतरी, त्या कुठं जायल्यात, असं मनात.

पाण्याचा तांब्या घेऊन मी बाहेर आले आणि राजपालअण्णांना सांगितलं, कार्ड खराब झालं. अ‍ॅडाप्टरचं जिभेवर आलं होतं, तिथंच राहिलं.

ते पाणी प्यायले. मग माझीच समजूत घालायला लागले. "मशीनच हाय, वैनी. तुमी तरी काय करनार? पर आईनं सगळ्या गल्लीत सांगून ठिवलं होतं, ज्योत्स्नानं माजा फोटू काढलाय म्हून."

खिशातून त्यांनी आधारकार्ड काढलं. डोळे तेवढे उघडून द्या म्हणाले. कॉम्प्युटरवर होतंय म्हणं.

होतं. वीज आल्यावर मी बसले. पासपोर्टच्या जुन्या फायलींतून मावशींच्याच वयाच्या एका बाईचे डोळे घेतले, मिटल्या पापण्यांवर बसवले, कातडीचा रंग जुळवला, अंगावर पांढरी साडी घातली. कुठं सांधा दिसत नव्हता. राजपालअण्णांना आवडेल, गल्लीलाही आवडेल. नागेश घरी आला, पडद्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या जळक्या अ‍ॅडाप्टरकडे. त्याची वायर गुंडाळून ठेवली आणि हातपाय धुवायला गेला. बोलला असता तर बरं झालं असतं.

मोठा प्रिंट भिंतीला टेकवून वाळायला ठेवला. सुमेध उठून आला, झोपेनं चुरगळलेला. फोटोपुढं बसला.

"आज्जी हाय," मी म्हणाले.

त्यानं मान तिरकी करून पाहिलं. सरकत या बाजूला गेला, मग त्या बाजूला. हात लावू गेला, मी धरला.

"आज्जी हाय तर," तो म्हणाला, "माज्याकडं कामून बघंना?"