टप्प्याटप्प्याने झोप

माझ्या संशोधनाचं घोडं कुठे अडलं होतं ते आधी सांगते. मला पैसे हवे होते, आणि ते काहीही न करण्यासाठी हवे होते.

हसायचं तर हसून घ्या, सगळे हसतात. आमच्या संस्थेच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत एक काचेची पेटी आहे. पेटीत लाकडाचा एक सुका ओंडका आणि त्याला चिकटलेली एक गोगलगाय. सात वर्षांपूर्वी ती झोपली, ती झोपलेलीच. कोरड्या प्रदेशातली जात आहे. ओलावा संपला की शंखाच्या तोंडावर पापुद्रा ओढून घेते आणि पडून राहते. किती काळ पडून राहू शकते हे कुणालाच ठाऊक नाही, कारण दर वेळी मध्येच कुणीतरी तिला उठवतं. कधी फरशी पुसणारा, कधी आलेला पाहुणा, आणि बहुतेक वेळा संशोधक स्वतःच, कारण त्याला धीर नसतो.

हिला पेटीत ठेवलं माझ्या बाईंनी. बाई म्हणजे माझ्या मार्गदर्शक, माझं सगळं शिक्षण त्यांच्या हाताखाली झालं. त्यांनी मला बजावलं होतं, "हिला कुणी उठवायचं नाही. आपली आपण उठेल तेव्हाच आपल्याला काहीतरी कळेल." पुढे बाई निवृत्त झाल्या, गुडघे धरले, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. डॉक्टरांनी समजावलं, मुलाने विनवलं, सुनेने तर हात धरून ओढून पाहिलं. बाई खुर्ची सोडायला तयार नाहीत. मात्र दर रविवारी त्यांचा फोन येतो.

"झोपलीय ना?"

"झोपलीय, बाई."

"मग बरं चाललंय," असं म्हणून त्या फोन ठेवतात.

असं सगळं सुरळीत चाललं असताना संचालकांना खोल्या मोजायची हुक्की आली. ज्या खोलीत मंजूर प्रकल्प नाही ती खोली काढून घ्यायची, असं ठरलं. जिन्याखाली छपाईचं मोठं यंत्र येणार म्हणे. मी त्यांना सांगितलं की पेटी हलवली तर धक्का लागेल, बाहेरच्या दमट हवेने ती अर्धवट जागी होईल आणि मरेल. संचालक म्हणाले, "मग घरी घेऊन जा."

आमच्या घरी! माझ्या नवऱ्याची लाँड्री आहे. पुढे दुकान, मागे घर, आणि दोन्हीकडे दिवसभर इस्त्रीची वाफ. आमच्या घरात मीठसुद्धा कोरडं राहत नाही. तळपायाची आग मस्तकात गेली, पण मूग गिळून गप्प बसले, कारण खोली त्यांची होती.

आता एकच वाट उरली होती. निधी समितीकडे प्रस्ताव पाठवायचा आणि मंजूर करून घ्यायचा. मी रीतसर बसून लिहिला. उद्देश: गोगलगाय किती काळ झोपते ते पाहणे. पद्धत: वाट पाहणे. अपेक्षित निष्कर्ष: आत्ता सांगता येत नाही. पान उलटायची गरज पडली नाही.

तो मी माझ्या नणंदेला दाखवला. तिला घरात सगळे मंजुरी म्हणतात. लोकांचे प्रस्ताव लिहून देणं हा तिचा धंदा, आणि तिने लिहिलेलं परत आलेलं कुणी पाहिलेलं नाही. रिकाम्या खुर्च्यांवर धूळ कशी बसते याच्या अभ्यासाला तिने एकदा पाच वर्षांचा निधी मिळवून दिला होता. त्या माणसाने नंतर आणखी खुर्च्या घेतल्या.

इस्त्रीच्या टेबलाशी उभ्याउभ्याच तिने माझं पान वाचलं आणि बाजूला ठेवलं.

"वहिनी, हे सगळं खरं आहे."

"हो, मग?"

"म्हणूनच नाकारतील. सरक जरा, लिहू दे."

नवऱ्याने शर्टांचा ढीग उचलून तिला जागा करून दिली. बहिणीपुढे त्याचं काही चालत नाही.

"पहिल्या पानावर वाचणारा घाबरला पाहिजे," ती म्हणाली, "आणि दुसऱ्या पानावर त्याला तू दिसली पाहिजेस."

"गोगलगायीला कोण घाबरतं?"

"गोगलगायीला नाही गं. तिच्याबद्दल आपल्याला काही माहीत नाही, याला घाबरायचं." आणि तिने लिहिलं की अर्धं जग झोप लागत नाही म्हणून तळमळत असताना मुठीएवढा एक प्राणी सात वर्षं गाढ झोपतो, आणि आपण हातावर हात ठेवून बसलो आहोत.

"पण हातावर हात ठेवून बसणं हेच तर काम आहे."

"ते आत कुठेतरी लिहू."

मग तक्ता आला. तक्त्याशिवाय समिती पान वाचत नाही म्हणे. तीन वर्षांचे तीन-तीन महिन्यांचे चौकोन आखले आणि प्रत्येक चौकोनात काहीतरी घडायला हवं. मी म्हटलं, काही घडलं तर प्रयोग संपला. मंजुरीने पेन चावलं आणि एकेक चौकोन भरत गेली. झोप, प्रारंभिक टप्पा. झोप, स्थिरीकरण. झोप, सखोलीकरण. झोपेचा मध्यावधी आढावा. झोप, दृढीकरण. मला हसावं की रडावं कळेना, पण तक्ता दिसायला छान झाला. नवऱ्याने तर तो इस्त्रीखालून काढला.

अपेक्षित निष्कर्षापाशी आमचं वाजलं. तिने लिहिलं, तीन वर्षांच्या अखेरीस गोगलगाय झोपलेली असेल.

"हे मला माहीत नाही," मी म्हणाले.

"माहीत नसेल तर पैसे कशाला देतील?"

"माहीत असेल तर शोधू कशाला?"

"ते पैसे मिळाल्यावर बघ. आता जोखीम सांग. काय बिघडू शकतं?"

"ती उठू शकते."

"उपाय?"

"उपाय नाही."

"दुसरी गोगलगाय ठेवू."

मी तिच्या हातातून पेन काढून घेतलं. सात वर्षं मी एका दिवसाच्या वर गावाला गेले नाही. सख्ख्या भावाच्या लग्नात अक्षता पडल्या तशी उठून परत आले, कारण खोलीतलं हवा कोरडी ठेवणारं यंत्र कुरकुरत होतं. आणि ही म्हणते दुसरी ठेवू. मंजुरीने माझ्या तोंडाकडे पाहिलं, पेन परत मागितलं आणि निमूटपणे लिहिलं: जोखीम, नगण्य.

काही आठवड्यांनी समितीच पाहणीला येणार असं कळलं. बाईंना रविवारी सांगितलं तर म्हणाल्या, "पाण्याची बाटली घेऊन कुणाला आत सोडू नकोस."

पाच जण आले. मी सगळ्यांना बूट बाहेर काढायला लावले. पायमोज्यांवर ते पेटीभोवती उभे राहिले आणि आपोआप कुजबुजायला लागले. अध्यक्ष म्हणजे एक पोक्त, गोड गृहस्थ. त्यांनी गोगलगायीवरची ती म्हण म्हणायला तोंड उघडलं. मी म्हटलं, नको, रोज ऐकते. त्यांनी तोंड मिटलं. मंजुरी मागे तक्ता धरून उभी होती.

चौघांनी माना डोलावल्या. पाचवे हाडांचे डॉक्टर होते. त्यांनी खिशातून भिंग काढलं, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ही जिवंत आहे कशावरून?"

सात वर्षं मी हाच प्रश्न स्वतःला विचारू दिला नव्हता.

"सोपं आहे," डॉक्टर म्हणाले. "एक थेंब पाणी टाकू. हलली तर जिवंत. मेलेल्या गोगलगायीला झोपवून ठेवायला निधी कसा द्यायचा?" आणि त्यांनी पिशवीतून खरोखर बाटली काढली. बूट काढायला लावले, पिशवी तपासायची राहिली.

मी पेटीसमोर आडवी उभी राहिले. मंजुरी डोळ्यांनी खुणावत होती की बोलू नकोस, पण माझ्याने राहवेना. "मला माहीत नाही," मी म्हणाले. "रोज सकाळी दार उघडते तेव्हा मला माहीत नसतं. आत जाण्याआधी कडीवर हात ठेवून जरा थांबते, भीती वाटते म्हणून. तुम्ही थेंब टाकलात तर ती जिवंत होती की नाही एवढं कळेल, आणि मग पुन्हा कधीच काही कळणार नाही. निधी नका देऊ. पण बाटली पिशवीत ठेवा."

मंजुरीने तक्ता तोंडासमोर धरला. डॉक्टर बाटलीचं झाकण फिरवत राहिले. अध्यक्षांनी घसा साफ केला आणि म्हणाले की समितीपुढे पेच आला की मतदान घ्यायचं असा नियम आहे.

मग खरोखरच मतदान झालं. दोन हात जिवंतच्या बाजूने, दोन मृतच्या. डॉक्टरांनी आपलं मत मृत असं स्पष्ट नोंदवायला सांगितलं. निर्णय अध्यक्षांच्या हातात आला. ते काचेपाशी वाकले, चष्मा वर केला, बरंच न्याहाळलं.

"माझा मेहुणा सुट्टीत असाच पडलेला असतो," ते म्हणाले. "जिवंत."

आणि अशा रीतीने माझी गोगलगाय बहुमताने जिवंत ठरली. प्रस्ताव मंजूर झाला. छपाईचं यंत्र वरच्या मजल्यावर गेलं, संचालकांनी माझ्या दारावर प्रकल्पाची पाटी लावली, आणि मंजुरीने आमच्याकडून सहा साड्यांची इस्त्री फुकट करून घेतली.

मंजुरीचं पत्र, म्हणजे समितीचं, सोमवारी हातात पडलं. मंगळवारी सकाळी मी कडीवर हात ठेवला, थांबले, दार उघडलं. ओंडका रिकामा होता.

पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी नेली. मग काचेवर एक ओली रेघ दिसली, पार वरपर्यंत गेलेली. रेघेच्या टोकाला ती होती. शिंगं बाहेर, मान लांब, सावकाश चालली होती. मी खाली फरशीवर बसले आणि ढसाढसा रडले. कुणी पाणी टाकलं नव्हतं, यंत्र चालू होतं, हवा कोरडी ठाक होती. ती आपली आपण उठली होती. डोळे पुसले, डब्यातली काकडी काढून एक चकती आत ठेवली. ती यायला अर्धी सकाळ गेली, पण आली आणि खायला लागली.

मी प्रामाणिक बाई आहे. निधी कचेरीत लगेच फोन केला.

"प्रकल्प पूर्ण झाला. ती उठली."

पलीकडच्या साहेबांनी कागद चाळले. "तक्त्याप्रमाणे ती सध्या प्रारंभिक टप्प्यात झोपलेली आहे."

"पण ती माझ्यासमोर काकडी खातेय."

"काकडी कोणत्या खर्चात धरली आहे?"

"माझ्या डब्यातली आहे. अहो, ती जागी आहे."

"जोखीम नगण्य असं तुम्हीच लिहिलंय, मॅडम. नगण्य गोष्ट घडली असं कसं नोंदवू? शिवाय समितीने तिला जिवंत ठरवलं आहे, जागी ठरवलेलं नाही. जागी ठरवायचं तर पुन्हा बैठक लावावी लागेल."

"मग लावा."

"तिची वेळ मध्यावधी आढाव्याला. दीड वर्षाने. तोवर झोपेचा अहवाल वेळेवर पाठवत चला."

मी कपाळाला हात लावला. मंजुरीला कळवलं तर तिला आनंदाचं भरतं आलं. "वहिनी, तीन वर्षं खोली तुझी. घाल काकडी आणि बस निवांत." म्हणजे जगात एक गोगलगाय सात वर्षांनी स्वतःहून उठली, आणि ते मला कुणाला सांगायची सोय नव्हती.

एका माणसाला होती. रविवारची वाट पाहवेना. बाईंना मी आपणहून फोन कधीच केला नव्हता. तो वाजत राहिला, मग त्यांनी उचलला.

"झोपलीय ना?" आवाज घाबरलेला होता. अवेळी आलेला फोन म्हणजे काय, ते त्यांनी ओळखलं असणार.

"उठली, बाई."

त्यांनी हळूच विचारलं, "कुणी उठवलं?"

"कुणी नाही. आपली आपण."

"काय करतेय?"

"काकडी खातेय. सावकाश."

पलीकडे खुर्ची करकरली, काहीतरी खाली पडलं, आणि लांबून सुनेचा आवाज आला, "आई, अहो आई, कुठे निघालात?"

"फोन ठेवू नकोस," बाई मला म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "येतेय मी. जरा वेळ लागेल."

मी म्हटलं, लागू दे. फोन कानाला धरून पेटीशी बसून राहिले. वाट पाहायचं काम मला चांगलं येतं.