धुळीआडचे तारे

विभागप्रमुख सर बोलता बोलता चहात बिस्कीट बुडवत, ते गळून पडलं की बोटाने काढून खात. संशोधिका हे सात वर्षं बघत होती, पण तिला त्याची शिसारी आली ती त्या सोमवारी.

विश्व अगदी कोवळं असतानाच्या बारा दीर्घिकांचा, म्हणजे दूरच्या आकाशगंगांचा, प्रकाश ती तीन वर्षं मोजत होती. त्या फार मंद दिसत. तिथे तारेच कमी, असं सर जिथे तिथे सांगत. तिला ते पटेना. मोठे तारे भराभर जळतात, फुटतात आणि जाताना धूळ सोडून जातात. ती धूळच बाकीच्या ताऱ्यांचा प्रकाश गिळत असली तर? गिळलेला प्रकाश उष्णता होऊन बाहेर पडणारच. तिने ती उष्णता शोधली. नऊ दीर्घिकांत सापडली. तारे भरपूर होते, धुळीआड होते.

तिने हे सांगितलं तेव्हा सर म्हणाले होते, आधी चष्मा पुसा. सगळे हसले होते. तीही हसली होती.

सोमवारी त्यांनी नव्या निबंधाचा मसुदा तिच्यापुढे टाकला. त्यात तिची धूळ होती, तिचे आलेख होते आणि ‘आम्हाला सुरुवातीपासूनच ही शंका होती’ असं वाक्य होतं. उरलेल्या तीन दीर्घिका मात्र गायब. उगाच घोळ घालतात म्हणून काढल्या, असं म्हणून त्यांनी बोट चाटलं. तुमचं नाव आहेच की, पाचवं.

घरी ताई म्हणाली, आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय. पण नोकरी आहे, मूग गिळून बस. तिला ताईचा राग आला. त्याहून जास्त स्वतःच्या त्या हसण्याची किळस आली.

दुसऱ्या दिवशी ती सरांसमोर उभी राहिली. "माझं नाव काढा. आणि त्या तिन्ही परत घाला, नाहीतर मी नियतकालिकाच्या संपादकांना कळवते."

"नाव काढल्यावर तुमच्या हातात काय राहील?"

"ते माझं मी बघेन."

सरांनी काही केलं नाही. तिने कळवलं. निबंध सहा महिने अडकला आणि शेवटी बाराही दीर्घिकांसह छापून आला, तिच्या नावाशिवाय. सहकारी जिन्यात हळूच ‘बरं केलंत’ म्हणत आणि सरांच्या खोलीत चहाला जात. तिला त्यांचाही वीट आला.

मग तिने त्या तीन दीर्घिका एकटीने हाती घेतल्या. तिथे धूळ खरंच नव्हती, तारेच कमी होते. तेवढ्यापुरतं सरांचं बरोबर होतं. दातओठ खात तिने तसंच लिहिलं आणि खाली सही केली.