भिंतीवरची बाटली

कपाच्या काठावर माशी बसली होती. पुढचे दोन पाय एकमेकांवर चोळत, जेवायला बसण्याआधी हात धुवावेत तशी. तिने माशीला उडवलं नाही. बस बाई, बस, तू एकटीच आहेस, आणि एका माशीला काही कोणी माशा म्हणत नाही... पलीकडची मात्र म्हणेल. काल भिंतीवरून मान काढून काय म्हणाली, "काकू, राग मानू नका, पण तुमच्या कोंबड्यांपायी आमच्या स्वयंपाकघरात नुसत्या माशाच माशा. इतकी घाण बरी नव्हे." राग मानू नका म्हणायचं आणि मग नेमकं राग येईल तेच बोलायचं! बोलून थांबली असती तरी एक वेळ चाललं असतं, पण बया पालिकेत तक्रार करून मोकळी झाली होती. आज दुपारी तिथला माणूस बघायला येणार होता, आणि त्याने नाक मुरडलं की चारही कोंबड्या जाणार होत्या.

घाण. कालपासून हा शब्द तिच्या घशात काट्यासारखा अडकला होता. जिने इस्पितळाच्या धुलाईखान्यात उभा जन्म काढला – रक्ताच्या, पुवाच्या, ओकाऱ्यांच्या चादरी, उकळत्या पाण्याची वाफ, डोळ्यांत चढणारी ती पावडर – तिला घाण शिकवता? सुट्टी झाली की ती कोपरापर्यंत हात घासायची, मग नखं हुंगायची, मग पुन्हा घासायची, कारण बसमध्ये शेजारच्या बाईने नाकाला रुमाल लावलेला तिने एकदा पाहिला होता आणि एकदाच पुरे होतं... घरी आल्यावर पुन्हा आंघोळ, आणि मगच लेकाला जवळ घ्यायचं. तो बिचारा दारात हात पसरून उभा असायचा आणि ती म्हणायची, थांब, शिवू नकोस. लोकांची घाण काढणाऱ्या बाईला स्वतःची घाण परवडत नाही, हे तिला कुणी सांगावं लागलं नव्हतं.

निवृत्त झाल्यावर घर इतकं लख्ख झालं की त्यात वावरताना तिलाच पाहुण्यासारखं वाटायचं. मग कोंबड्या आल्या. पहिल्याच सकाळी त्यांतली ठेंगणी मागच्या दाराने आत शिरली, फरशीच्या मधोमध उभी राहिली आणि शिटली. आणि मी – मी हसले. एकटीच, मोठ्याने. फडकं शोधायला उठले ते बऱ्याच वेळाने.

फोन वाजला. लेकच होता.

"आई, तो माणूस यायच्या आत देऊन टाक ना कुणाला तरी. पलीकडच्या वहिनींचा मलाही फोन आला होता. किती लाजिरवाणं वाटतं."

"तुला फोन केला तिने? कोंबड्या काय तुझ्या नावावर आहेत?"

"अंडी बाजारात मिळतात गं."

"मिळतात की. शोधलीस तर आईसुद्धा मिळेल एखादी, माशा नसलेली."

तिने फोन ठेवला. लाजिरवाणं म्हणे. दारात हात पसरणारा तो हाच... जाऊ दे.

ती दाताळं घेऊन परसात गेली. खुराड्यातला भुसा रोजच्यासारखा उलथला, पाण्याच्या भांड्याखाली ओल धरते तिथला काढून कोरडा टाकला, कडेने चुना भुरभुरला. लंगडी पायात घोटाळत होती, मास्तरीण म्हणायची ती कोंबडी चष्म्यावरून बघावं तशी मान तिरकी करून बघत होती. वास येत होता तो लाकडाचा. आणि माशा? तिने मुद्दाम उभं राहून पाहिलं. दोन-चार. म्हणजे ती पलीकडची धडधडीत खोटं बोलते! उचलली जीभ, लावली टाळ्याला. येऊ दे त्या पालिकेच्या माणसाला, इथेच उभा करते, म्हणते मोज.

बाटलीही ताजी करून ठेवावी, त्याला दिसायला. पहिल्यांदा कुरबुर झाली तेव्हा माशा पकडायची ही बाटली तिनेच केली होती – प्लॅस्टिकच्या बाटलीचं तोंड कापून उलटं बसवलेलं, आत पाण्यात कुजवलेली मासळीची मुंडकी – आणि खुराड्याकडे नाही, सामाईक भिंतीवर टांगली होती, बरोबर पलीकडच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. बघू दे बयेला, की आम्ही हात जोडून बसलेलो नाही. ती स्टुलावर चढली. बाटली काळीकुट्ट भरली होती. छान. मग सहज नजर भिंतीपलीकडे गेली.

खिडकीच्या जाळीवर माशा होत्या. भिंतीवर होत्या, वळचणीला होत्या, गल्लीच्या गटाराकडून येतच होत्या. बाटलीभोवती घुमायच्या, आत शिरतील त्या शिरायच्या, उरलेल्या सगळ्या त्या जाळीवर जाऊन बसायच्या. आत ती पलीकडची एका हाताने पातेल्यावर झाकण दाबून दुसऱ्या हाताने फडकं हलवत होती, थकलेल्या, रडवेल्या तोंडाने, आणि ते तोंड खोटं बोलत नव्हतं.

कोंबड्यांनी नाही, मी बोलावल्या. आवतण देऊन. सगळ्या गल्लीच्या माशा तिच्या ताटाशी आणून बसवल्या, का, तर मी स्वच्छ आहे हे तिला दिसावं म्हणून... हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

बाटली काढायची आणि गप्प बसायचं. कोण विचारतंय? तो माणूस येईल, कोरडं खुराडं बघेल, पलीकडची खोटी पडेल. नखं हुंगून बाहेर पडायचं, जन्मभर पडले तसंच. तिने तार सोडवली. बाटली हिंदकळली आणि ते काळं पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. खिडकीतली वर बघत होती. दोघींची नजर मिळाली. बाटली हातात होती, लपवायला जागाच नव्हती.

फाटकाची कडी वाजली.

पाय सवयीने नळाकडे वळले. साबण तिथेच होता, घासून घासून पातळ झालेला. ती थांबली. खुराड्यात ठेंगणी नव्या भुशात बसून तो दोन्हीकडे उडवत होती, मजेत, कुणाची परवानगी न घेता. विचित्रच, पण घशातला काटा जाग्यावर नव्हता. सांगेन. माशा आहेत, त्या मी आणल्या, कोंबड्यांनी नाही, आणि याही माझ्याच आहेत, शिटणाऱ्या, खरडणाऱ्या. मग काढून टाका म्हणाला तर त्याच्याशीही भांडेन, याच हातांनी. नाकाला रुमाल लावायचा तर लाव म्हणावं.

कडी पुन्हा वाजली. "आले," ती ओरडली, आणि तिचा आवाज परसात चांगलाच मोठा घुमला. हाताचा वास येत होता. येऊ दे. मी राहते इथे.