चिठ्ठीवर नुसतं आडनाव

माझी धाकटी जाऊ आयुष्यभर माझ्या डोक्यावर मिरी वाटत आली. वृद्धाश्रमात तरी सुटका होईल म्हटलं, तर मुलांनी आम्हाला एकाच खोलीत टाकलं. काल मी आंघोळीला गेले तेवढ्यात बयेनं माझी खिडकीजवळची खाट बळकावली. फाटकातून आत येणारं माणूस त्या एकाच खिडकीतून दिसतं. मी तणतणले, तर म्हणते कशी, "जाऊबाई, खाटेवर नाव लिहिलंय का तुमचं?"

नव्हतंच. औषधांच्या डब्यांवरही नव्हतं. वरच्या चिठ्ठीवर नुसतं आडनाव आणि 'खिडकी' किंवा 'दार'. आडनाव दोघींचं एकच.

आज सकाळी नवी सिस्टर ट्रॉली घेऊन आली आणि 'खिडकी'च्या डब्यातल्या गोळ्यांची वाटी तिनं जावेच्या हातात दिली. तीत माझी रक्त पातळ करायची गोळी होती. हिच्या पोटातल्या जखमेतून गेल्याच महिन्यात रक्त गेलेलं, मरता मरता वाचली होती.

"थांब! ती माझी गोळी आहे!"

"आता गोळीही तुमचीच का?" म्हणत तिनं वाटी तोंडाशी नेली. मी हातावर फटका मारला. गोळ्या खाटेखाली गेल्या.

"मारलं मला! खिडकीसाठी मारलं!" तिनं अख्खा मजला डोक्यावर घेतला.

"आजी, लाज नाही वाटत?" सिस्टर माझ्यावरच खेकसली.

"तुला वाटू दे. डब्यातला डॉक्टरांचा कागद काढ आणि पूर्ण नाव वाच."

तिनं वाचलं. तोंड एवढंसं झालं.

मेट्रन धावत आल्या. "सोपं आहे. खाटा पुन्हा होत्या तशा करा, म्हणजे चिठ्ठ्या बदलायला नकोत."

जाऊ मुसमुसायला लागली आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. खोटं कशाला बोलू? पण उद्या मी आंघोळीला गेले की ही पुन्हा तिथं जाऊन पसरणार, हे मी ओळखून होते. आणि चिठ्ठ्या त्याच राहणार.

"खाटा राहू द्या," मी म्हटलं. राग आला स्वतःचा. "डब्यांवर पूर्ण नावं घाला, फोटो चिकटवा. आजच्या आज."

संध्याकाळपर्यंत ते झालं. मी दाराजवळच्या खाटेवर आडवी झाले. जावेनं आभाराचा शब्द काढला नाही. ऊन लागतंय म्हणाली, खिडकीचा पडदा ओढला आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.