तोफ वाजली की माघारी

मित्रांनो, मी एक म्हातारा घोडा आहे. दात सगळे पडले, पण डूख धरायला दात लागत नाहीत.

ओहायोतल्या ऑरिन टटल नावाच्या शेतकऱ्याने मला शिंगरू असल्यापासून वाढवलं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तशी गावातली माणसं आपणहून पलटणीत गेली. अशा पलटणींत शिपाईच मतं देऊन आपले अधिकारी निवडत. ल्यूशस पेटिबोन वकिलाने सर्वांना सफरचंदाची दारू पाजली आणि तो मेजर झाला. मेजरला घोडा हवा, म्हणून त्याने मला ऑरिनकडून काढून घेतलं. ऑरिन साधा शिपाई, तो पायीच राहिला.

मेजरने मला एकच विद्या शिकवली. तोफ वाजली की थेट मागे, रसदीच्या पिठाच्या पिंपांआड. पुढेपुढे टाच मारायचीही गरज उरली नाही. एकदा तर मी आधी पोचलो आणि तोफेचा आवाज मागून आला.

शेवटच्या लढाईत धुरातून ऑरिन धावत मागे आला. त्याने माझा लगाम धरला.

"साहेब, पोरं तुमची वाट बघतायत. चला."

मेजरने त्याच्या हातावर चाबूक ओढला. ऑरिन परत वळला, तो धुरात कायमचा गेला. सोबत्यांनी त्याला मागे जातानाच पाहिलं होतं. त्यामुळे मेजर म्हणाला, "टटल पळाला," तेव्हा सर्वांना पटलं.

मेजरला मेजवान्या झाल्या. मला खरारा फक्त मिरवणुकीपुरता. मी वर्षानुवर्षं वाट पाहिली.

मग गावाने पडलेल्या शिपायांच्या नावांचा दगड उभारला. त्यावर ऑरिन नव्हता. मेजर माझ्या पाठीवर ताठ बसून भाषण करू लागला, आणि सलामीची तोफ वाजली.

मी निघालो. बँडमधून, केकच्या टेबलावरून, थेट वाण्याच्या दुकानात, पिठाच्या पिंपांआड.

पाठोपाठ सगळी जुनी पलटण आली. एका हाताचा एबन म्हणाला, "काय मेजरसाहेब, लढाई इथून बरी दिसायची का?"

"घोडं बुजलं रे."

"बुजलेलं घोडं वाट फुटेल तिकडं पळतं. हे रोजचं गिऱ्हाईक असल्यासारखं आत आलं."

ऑरिनची बायको टॅबिथा मात्र हसली नाही. "माझा नवरा मागं पळाला म्हणालात. मागं तर तुम्हीच होतात. मग तो गेला कुठं?"

मेजरने तोंडावरचं पीठ पुसलं. "परत पुढं गेला," तो पुटपुटला.

त्याच आठवड्यात पाथरवटाने ऑरिनचं नाव कोरलं. टॅबिथाने माझा लगाम धरून मला घरी नेलं. कोणी अडवलं नाही.

मेजर आता पायी फिरतो. तो कुंपणाजवळून गेला की मी खुराने रिकामी बादली वाजवतो. तो अजून दचकतो.

मित्रांनो, जनावराला वेळेवर दाणापाणी द्या, मायेने वागवा. आणि त्याच्या पाठीवर बसून काय करता, तेही जपून करा. आम्हाला बोलता येत नाही, पण वाट पाठ असते.