पान एक्केचाळीस

मी सिगारच्या शौकिनांसाठी छापलेले एक जुने पुस्तक आहे. माझा कणा दोनदा शिवला आहे, कोपरे वाकले आहेत आणि अंगाला तंबाखूचा वास येतो. माझ्या एक्केचाळिसाव्या पानावर एक घोडचूक आहे. मित्रांनो, पुस्तके आपल्या चुका झाकतात. मी मात्र माझी चूक मिरवणार आहे. माझ्यातल्या धुराशी तुम्हांला काही देणेघेणे नाही, आणि ते चांगलेच आहे. माझी गोष्ट हातांची आहे.

माझा जन्म छापखान्यात झाला. गुळगुळीत कागद, सोनेरी अक्षरांचे कव्हर आणि पानोपानी फोटो. फोटोवाला एका कारखान्यात जाऊन सिगार वळणाऱ्या एका बाईच्या हातांचे फोटो काढून आला होता. फक्त हातांचे, चेहरा त्याला नको होता. छापताना कारागिराने एका फोटोची फिल्म उलटी लावली. आरशात दिसते तसे डावे ते उजवे झाले. हात ते हातच, कोणाच्या लक्षात येणार?

शौकिनांच्या मासिकांनी मला डोक्यावर घेतले. त्याच कारखान्याच्या मालकांनी मला विकत आणले आणि बैठकीतल्या काचेच्या कपाटात ठेवले. शेजारी त्या चकचकीत मासिकांचे गठ्ठे होते. पाहुणे आले की मालक माझी चित्रे दाखवत. मजकूर वाचायच्या आधीच सरबत यायचे आणि मी मिटला जायचो. अशी कितीतरी वर्षे मी नुसता सजून बसलो.

मग कारखान्यात नव्या मुली शिकायला आल्या आणि मालक मला खाली घेऊन गेले. तिथे तीस वर्षे सिगार वळणाऱ्या काकू त्या मुलींना शिकवत होत्या. तंबाखूच्या पानाची मधली शीर काढली की त्याची दोन अर्धी होतात, एक डावे, एक उजवे. सिगारवर शेवटी हेच अर्धे पान गुंडाळतात. डावे एका बाजूने, उजवे त्याच्या उलट बाजूने. तरच पानाच्या शिरा सिगारच्या लांबीला धरून बसतात. बाजू चुकली की आडव्या फुगतात.

काकूंच्या हातात डावे पान होते. मालकांनी माझ्या एक्केचाळिसाव्या पानावरचे, डावे पान गुंडाळण्याचे चित्र पाहिले, काकूंचे हात पाहिले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काकू, तुमचं उलटं चाललंय. पुस्तकात बघा."

"पुस्तकानं किती सिगार वळल्यात, मालक?"

सगळी खोली हसली आणि मालकांचा पारा चढला. महिनाअखेरपर्यंत शिकवणे पुस्तकाबरहुकूम झाले नाही, तर शिकवायच्या जागी दुसरी बाई बसेल, असे सांगून ते मला तिथेच टाकून गेले. काकूंच्या नणंदबाई शेजारच्याच लाकडी पाटावर सिगार वळत. त्या म्हणाल्या, "वहिनी, ते छापलेलं आहे. तू काय छापलेली आहेस का?"

काकूंना जागा जाईल याचे दुःख होतेच; पण तीस वर्षे आपण चुकीचेच वळत आलो की काय, हा काटा जास्त सलत होता.

त्या कारखान्यात एक मास्तर होते. बायका काम करत, तेव्हा ते उंच खुर्चीवर बसून वर्तमानपत्र आणि गोष्टी मोठ्याने वाचून दाखवत. काकू मला घेऊन त्यांच्याकडे गेल्या. मास्तरांनी ते पान घडाघडा वाचले आणि चित्रात दाखवले आहे तसेच असेल, असे म्हणून मला मिटले. काकूंचे समाधान झाले नाही. त्या म्हणाल्या, "हे तुमचं वाचणं झालं. मला माझं मला वाचू द्या. अक्षरं शिकवा."

त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत डबा एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला. 'डावे' हा एक शब्द लागायला तीन सुट्ट्या गेल्या. डिंकाने चिकट झालेले त्यांचे बोट माझ्या ओळीखालून इतके हळू सरके की मला गुदगुल्या होत. सोनेरी कव्हराचे कौतुक पुष्कळांनी केले होते, पण मला असे कोणी वाचले नव्हते.

महिना संपायला दोन दिवस असताना ओळ पुरी झाली. 'डावे पान गुंडाळताना सुरुवात डावीकडून करावी.' काकूंनी चित्र पाहिले. त्यात सुरुवात उजवीकडून होती. वाचणाऱ्या मास्तरांना वळता येत नव्हते, वळणाऱ्या बायकांना वाचता येत नव्हते, आणि मालक चित्रावरच थांबत. माझे शब्द आणि माझे चित्र एकमेकांशी भांडत आहेत, हे पहिल्यांदा दिसले ते काकूंना. मग त्यांनी मला डोळ्यांजवळ धरले. चित्रातल्या उजव्या अंगठ्यावर पान कापायच्या पात्याचा तिरपा वण होता. काकूंनी आपला डावा अंगठा त्याच्याशेजारी ठेवला. वण तोच होता, फक्त उलटा.

महिनाअखेरीस मालक आले. काकूंनी सर्वांसमोर, अडखळत का होईना, ती ओळ स्वतः वाचली आणि दोन्ही हात माझ्यावर ठेवले. "हे हात माझे आहेत, मालक. फोटो उलटा छापलाय."

मास्तर हात धुवायच्या जागेवरचा आरसा काढून घेऊन आले. आरशात माझे चित्र सुलटे झाले आणि वण डाव्या अंगठ्यावर आला. मालकांनी आरशातला वण पाहिला, मग काकूंचा अंगठा पाहिला.

"काकू, मी वाचलंच नव्हतं," ते म्हणाले. "मुलींना तुम्हीच शिकवा."

त्या खोलीत टाळ्या वाजवत नाहीत, हात कामात असतात. मन भरून आले की पान कापायचे पाते पाटावर ठोकतात. त्या दिवशी चाळीस पाटांवर चाळीस पाती वाजली आणि सगळ्यांत जोरात वाजले नणंदबाईंचे. काकूंनी मास्तरांची पेन्सिल मागून घेतली आणि माझ्या चित्राखाली लिहिले: 'हे उलटे आहे. हात माझे.' अक्षरे चढण चढावी तशी वर गेली आहेत. माझ्या सोनेरी अक्षरांपेक्षा मला ती जास्त शोभतात.

मालकांनी प्रकाशकाला पत्र लिहिले. पुढच्या आवृत्तीत चित्र सुलटे आले आणि त्याखाली काकूंचे नाव छापले गेले. ती आवृत्ती आता काचेच्या कपाटात आहे. मी काकूंच्या पाटाजवळ आहे, आणि आमची अदलाबदल कोणी करू म्हटले तरी मी करणार नाही.

मित्रांनो, पुस्तकाला कव्हर घाला, त्याची पाने दुमडू नका, त्याला ओल लागू देऊ नका. पण एवढ्याने आमचे भागत नाही. आम्हांला वाचा, अगदी ओळीखाली बोट ठेवून वाचा. आणि आमचे चुकले आहे असे तुमच्या हातांना पक्के ठाऊक असेल, तर घाबरू नका. समासात जागा ठेवलेली असते. पेन्सिल घ्या आणि लिहा.